सुभेदाराची दुसरी नोकरी

पुणे हे पेन्शनरांचे गाव आहे, असे शंभर वर्षांपासून म्हटले जाते. या म्हणण्यात जो पेन्शनर अभिप्रेत असतो त्याचे चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तयारच असते: उपरणे, काठी, पर्वतीपर्यंतचा फेरफटका, दुपारी वाचनालय, संध्याकाळी सार्वजनिक सभेत किंवा वसंत व्याख्यानमालेत पुढची खुर्ची. तो निवृत्त मामलेदार असतो, डेप्युटी असतो, नाहीतर सबजज्ज. नोकरीत असताना त्याने जे मिळवले ते निवृत्तीनंतर वाढीला लागते. तो संस्थांचा चिटणीस होतो, पंच होतो, ग्रंथ लिहितो, शाळेच्या नियामक मंडळावर बसतो. नोकरी संपली तरी तिची प्रतिष्ठा संपत नाही.

याच पुण्यात दुसरे पेन्शनरही होते. ते लष्करात, खडकीत, घोरपडीत, वानवडीत राहिले. किंवा इथल्या पलटणीतून नाव कमी झाल्यावर सातारा, दापोली, महाडकडे परतले. त्यांच्या निवृत्तीचा इतिहास कोणी स्वतंत्रपणे मांडलेला माझ्या वाचनात नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात ते येतात ते अर्जदार म्हणून, परिषदेतील उपस्थित म्हणून, बाबासाहेबांचे वडील म्हणून. पलटणीतून बाहेर पडल्यावर त्यांनी पोटासाठी काय केले, आणि आधीच्या नोकरीने त्यांना पुढे काय दिले नि काय दिले नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कारण माणसाने आयुष्यभर कमावलेले कसब त्याच्या मालकीचे असते की जात ते परत घेते, याची परीक्षा निवृत्तीच्या दिवशी होते.

मुंबई इलाख्याच्या कंपनी सरकारच्या फौजेत महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आणि त्यावरील 'नाक'प्रत्ययान्त नावे वाचकांना ठाऊक आहेत. त्या स्तंभाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण मला पलटणीतल्या शाळेविषयी बोलायचे आहे. कंपनीच्या फौजेत शिपायांना व त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ होत होता तो माणूस पलटणीत अक्षर गिरवीत होता, हजेरीपट भरत होता, सामानाची यादी ठेवत होता, इंग्रजी हुकूम समजून घेत होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला हिशेब आणि कागद यांची ओळख झाली ती इथे.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे या घडणीचे सर्वांत परिचित उदाहरण. लष्करी शाळांसाठी शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या पंतोजी शाळेत ते शिकले. पुढे चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. चौदा वर्षे म्हणजे मुलांच्या दोन पिढ्या हाताखालून गेल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर ते प्रशिक्षित आणि अनुभवी मुख्याध्यापक होते. १८९४ च्या सुमारास ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, स्थायिक होण्याच्या हेतूने दापोलीला गेले आणि नंतर बिऱ्हाड साताऱ्याला हलवले.

साताऱ्याला त्यांना काम मिळाले ते बांधकाम खात्यात, स्टोअरकीपरचे. पुढे खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळपीडितांसाठी सरकार तलाव खोदवत होते, तेथे ते खजिनदार होते. ही दोन्ही कामे लष्करी माणसाला साजेशीच होती, हे मान्य करतो. कोठाराच्या किल्ल्या, आवकजावकीचे बुक, मजुरीचे वाटप यांसाठी सरकारला विश्वासू आणि लिहिता माणूस हवा होता. पण या दोन्ही नोकऱ्या सरकारी फाटकाच्या आतल्या होत्या हे ध्यानात घेतले पाहिजे. गोऱ्या साहेबाच्या कचेरीपर्यंत सुभेदाराचे कसब चालत होते. चौदा वर्षे मुख्याध्यापक असलेल्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत शिक्षक म्हणून उभे राहता येईल, ही कल्पनाही त्या काळी कोणी केली नसती. त्या गावच्या शाळेत त्यांचा स्वतःचा मुलगा घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळा बसत होता. जेथे मुलाला बाक नाही तेथे बापाला खुर्ची कोण देणार?

१९०१ मधील मसूर स्टेशनाचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहिला आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले, चांगल्या कपड्यांतली, तिकीट काढून आलेली; आणि जात कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर, एक गाडी मिळाली. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून वर्गात सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण मी तो निवृत्त माणसाच्या नोकरीचा प्रसंग म्हणूनही वाचतो. त्या वेळी रामजी खजिनदार होते. दुष्काळी कामावरील मजुरांचा पैसा त्यांच्या हवाली होता. त्या पैशाला विटाळ नव्हता. त्याच माणसाच्या मुलांना गाडीत घेतले तर मात्र गाडी बाटत होती. सरकारने दिलेला विश्वास आणि समाजाने दिलेली वागणूक यांत केवढे अंतर होते, ते मसूर ते गोरेगाव या वाटेवर मोजता येते.

याच वर्षांतल्या पुण्यातील दुसऱ्या एका निवृत्तीशी तुलना करण्याचा मोह होतो. डॉ. रा. गो. भांडारकर १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ही तुलना काटेकोर नाही, हे मला कळते. भांडारकरांची विद्वत्ता जगन्मान्य होती, ते प्रार्थना समाजाचे सुधारक होते आणि सुभेदाराशी त्यांची बरोबरी लावणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. मी माणसांची तुलना करीत नाही, वाटांची करतो. एक शिक्षक निवृत्त झाला आणि त्याच्या आधीच्या कामाने त्याला आणखी मोठ्या शिक्षणसंस्थेत नेले. दुसरा शिक्षक निवृत्त झाला आणि शिक्षणाचे दार त्याच्यासाठी मिटले. उरली ती कोठाराची किल्ली. १९०४ नंतर मुंबईत परळच्या चाळीत रामजींनी आपले सगळे पंतोजीपण एकाच विद्यार्थ्यावर खर्च केले. पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवणारा हा बाप चरित्रग्रंथांत येतो. मला त्यात शाळा न मिळालेला हेडमास्तरही दिसतो.

सगळेच पेन्शनर सरकारी कोठारात गेले नाहीत. बरेचसे गावी परतले आणि तेथे त्यांची वाट पाहत होते वतन. महारकी हे असे काम होते की ज्यातून निवृत्ती नव्हती. येसकरकी, चावडीवर हजेरी, सरकारी सारा पोचवणे, वर्दी देणे, मेलेले जनावर ओढणे. पाळी आली की राबता महार उभा राहिलाच पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्याने या राबणुकीला इंग्रजी कायद्याचाही शिक्का मिळाला. हवालदार म्हणून ज्याने वीस-वीस शिपायांना कवाईत शिकवली त्याला गावचा पाटील 'ए' म्हणून हाक मारणार, आणि भाकरीच्या तुकड्याला बलुते म्हणणार. पलटणीतली पंचवीस वर्षे गावाच्या हिशेबी जमाच नव्हती. गावाला त्याची जात ठाऊक होती, हुद्दा ठाऊक नव्हता. ठाऊक असला तरी नको होता.

म्हणूनच कोकणात दापोलीच्या छावणीच्या आश्रयाने पेन्शनरांची वस्ती झाली आणि पुण्यात लष्कर भागात. ही माणसे गावी का गेली नाहीत याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले व दापोलीला राहिले. पलटणीने दिलेली अक्षरे त्यांनी अशा कामाला लावली, ज्याचा पगार कोणी देत नाही. पुण्यात १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या 'दीनबंधू'त त्यांनी लिहिले. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी स्पृश्य समाजाला प्रश्न विचारले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर सरकारने त्यांना नेमले तेव्हा स्पृश्य सभासदांत खळबळ उडाली. निवृत्त मामलेदार बोर्डावर गेला असता तर ती बातमीही झाली नसती.

मला येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. आपल्या चळवळीची पहिली फळी पेन्शनरांची का आहे? पेन्शन फार मोठी नव्हती. पण ती गावाच्या हातची नव्हती, पाटील ती बंद करू शकत नव्हता. बलुत्यावर जगणारा माणूस अर्ज करू शकत नाही, कारण त्याची उद्याची भाकरी ज्याच्या विरुद्ध अर्ज करायचा त्याच्याच घरी असते. दरमहा ट्रेझरीतून मिळणारे थोडे रुपये आणि अर्ज लिहिण्याचे कसब, या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि अस्पृश्यांच्या इतिहासात 'अर्जदार' जन्माला आला. अर्जाची भाषा नम्र होती म्हणून आजचा तरुण नाक मुरडतो. मुरडू नये. 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहिणाऱ्या त्या हाताने पहिल्यांदा स्वतःच्या सेवेचा हिशेब मांडला होता.

आणि नेमका तो हिशेबच सरकारने फेटाळला. १८९२-९३ च्या सुमारास फौजेची पुनर्रचना झाली, 'लढाऊ जाती' कोणत्या हे नव्याने ठरले आणि महारांची भरती थांबली. याचा परिणाम पेन्शनरांवर काय झाला? जुन्यांची पेन्शन चालू राहिली. पण मुलगा पलटणीत जायचा तो गेला नाही. घरात अक्षर होते, नोकरी नव्हती. वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचे चरित्रकार सांगतात. उपयोग झाला नाही.

या दुसऱ्या पिढीचे पुण्यातील नाव शिवराम जानबा कांबळे. ते पेन्शनर नव्हते. पेन्शनरांच्या पुण्यात वाढलेले होते. लष्कर भागातल्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. या बटलरकीकडे नीट पाहिले पाहिजे. गोऱ्यांच्या घरी आणि मेसमध्ये स्वयंपाक, वाढप, भांडीकुंडी, घोडे ही कामे करायला स्पृश्य हिंदू सहसा तयार नसत, कारण तेथे खाण्यापिण्याचा विटाळ. जे काम दुसऱ्याला बाटवते ते आपल्याला मिळते, हा जुनाच नियम. पण या वेळी त्या कामासोबत इंग्रजी कानावर पडत होते, वर्तमानपत्रे हाताशी येत होती. कांबळ्यांनी त्या फटीतून हात घातला. सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १ जुलै १९०८ ला 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. १९१० मध्ये जेजुरीला परिषद घेऊन थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला. मागणी काय? फौजेत, पोलिसांत आणि सरकारी नोकरीच्या खालच्या जागांवर आम्हाला घ्या. आधार काय? आमच्या बापजाद्यांची लष्करी चाकरी. एका संपूर्ण जमातीने आपले पूर्वीचे नोकरीचे बुक दाखवून पुन्हा कामावर घेण्याची विनंती करावी, तसा तो अर्ज आहे.

१९१७ मध्ये महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. चार वर्षांच्या चाकरीवर सेवेचे पेन्शन बसत नाही. गरज सरली आणि शिपाई पुन्हा गावच्या वेशीबाहेर उभा राहिला, या वेळी मनीऑर्डरीशिवाय. १९२७ मध्ये महाडला आणि १९२९ मध्ये पुण्यात पर्वतीच्या सत्याग्रहाला जी माणसे शिस्तीने उभी राहिली, त्यांत कवाईत केलेली माणसे पुष्कळ होती. सरकारने शिकवलेली शिस्त पेन्शनीवाचून घरी परत आली होती आणि तिला करायला काम हवे होते. १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. खालच्या दर्जाची गावकामगार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मधल्या काळात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणून झगडा दिला, त्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर पुण्यात आपल्या लोकांचे मोठे आधार झाले ते खडकी, देहूरोड, रेल्वे आणि महानगरपालिका. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. देहूरोडच्या डेपोभोवती आपली एवढी वस्ती झाली की २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या नोकऱ्यांनी घरे बांधली, मुले कॉलेजात गेली. माझे वडील अशाच एका सरकारी कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीचे शिक्षण बाकी होते म्हणून त्यांनी एका गृहसंस्थेत वॉचमनची नोकरी धरली. लेथवर ज्यांनी तीस वर्षे काढली त्यांच्या हातात काठी आली. यातही मला आश्चर्य वाटले नसते. म्हाताऱ्या कामगाराला शहर वॉचमनच करते, मग तो कोणत्याही जातीचा असो. पण तेथे माळी होता, लिफ्टवाला होता, दुसरा वॉचमनही होता. जिन्याखाली मांजर मेले की उचलायला मात्र वडिलांना बोलावणे येई. त्यांनी आडनाव सांगितले होते, तेवढे पुरले. वडिलांनी दोनदा उचलले. तिसऱ्यांदा नाही म्हणाले आणि पुढच्या महिन्यापासून घरी राहिले.

माजी सैनिकांची स्थिती काहीशी वेगळी आहे. त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत. केंद्र सरकारच्या सेवेत क गटात १० टक्के आणि जुन्या ड गटात २० टक्के. महामंडळ आहे, सुरक्षारक्षकांची कंत्राटे त्याच्यामार्फत मिळतात. हे थोडे नाही. सुभेदार रामजींना यातले काही नव्हते. पण लष्करात सिग्नल, वर्कशॉप, हिशेब सांभाळणारा जवान बाहेर येऊन बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याच्या आधीच्या आयुष्यातली फक्त वर्दी वापरली जाते.

याहून अवघड प्रश्न सफाई कामगारांचा आहे आणि त्यावर आपल्यातच दोन मते आहेत. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. या तरतुदी २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने एकत्र केल्या गेल्या. त्यावर औरंगाबाद खंडपीठापुढे वादही झाला. पुण्यातील वस्त्यांत या हक्कासाठी घरे भांडतात, भाऊ भावाच्या विरुद्ध उभा राहतो. बापाची निवृत्ती ही मुलाची भरती असते. बाकीच्यांची निवृत्ती माणसाला कामातून सोडवते. येथे ती झाडू एका हातातून दुसऱ्या हातात देते. वतन रद्द झाले म्हणून आपण १९५९ मध्ये आनंद केला, आणि त्याच आकाराची गोष्ट हक्क म्हणून मागतो आहोत, असे एक मत. ते मला तर्काला पटते. पण ज्या घरात पदवीधर मुलगा कंत्राटदाराकडे अर्ध्या पगारावर तेच काम करतो, त्या घराला मी हा तर्क कोणत्या तोंडाने ऐकवू? कायम नोकरीचा सफाई कामगार साठीला पेन्शन घेऊन बाहेर पडतो. कंत्राटी माणसाचा फंड वेळेवर भरला गेला तर कर्मचारी पेन्शन योजनेचे किमान १००० रुपये. २०१४ पासून हा आकडा तेवढाच आहे. शिवाय १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शनही गेली. पाटलाला बंद करता न येणारी जी रक्कम वलंगकरांच्या पाठीशी होती, ती आता पातळ होत चालली आहे. माझे मत विचाराल तर वारसाला नोकरी द्यावी, पण ती झाडूचीच का? त्याच्या शिक्षणाप्रमाणे महापालिकेच्या कोणत्याही खात्यात द्यावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

बायकांविषयी लिहायला हवे, कारण वरच्या सगळ्या इतिहासात पेन्शनर पुरुषच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आलेल्या आपल्या आणि मातंग समाजाच्या बायका पुण्याच्या कचऱ्यावर जगल्या. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, त्यांना ओळखपत्रे मिळाली, पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्था झाली आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम आले. या बायका कशातून निवृत्त होणार? त्यांना नेमणुकीची तारीख नाही, म्हणून निवृत्तीची तारीख नाही. पायऱ्या चढवेनाशा झाल्या की सुनेला सोबत घ्यायचे. नंतर सून दारोदार जाते आणि सासू बसून माल वेगळा करते: कागद एकीकडे, प्लॅस्टिक एकीकडे, पत्रा एकीकडे. गुडघे गेले, पण बोटांना कळते कोणते प्लॅस्टिक भंगारवाला कोणत्या भावाने घेईल. हे चाळीस वर्षांचे ज्ञान आहे. त्याला किंमत किती, हे त्या दिवशीच्या वजनावर ठरते.

हमालांच्या बाबतीत १९६९ च्या माथाडी कायद्याने एवढे तरी केले की पाठीवरच्या ओझ्याची नोंद झाली आणि नोंदीवर फंड, ग्रॅच्युइटी बसली. कचरा वेचणाऱ्या बाईच्या श्रमाची नोंद तशी बसवता येईल का, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखा आहे.

अभ्यासाचे साधन दूर नाही. आपल्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आजोबांची डिस्चार्ज सर्टिफिकिटे, पेन्शनची पुस्तके, कारखान्याचे पितळी बिल्ले, महापालिकेची हजेरीकार्डे पडून आहेत. घर बदलताना ती रद्दीत जातात. जे विद्यार्थी एम. ए.ला इतिहास घेतात त्यांनी एका वस्तीतली वीस घरे धरावी, कागद उतरून घ्यावेत आणि म्हाताऱ्या माणसांना एवढेच विचारावे: नाव कमी झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कोठे गेलात? खडकी बाजार, ताडीवाला रस्ता, भवानी पेठ, देहूरोड. सुरुवात भवानी पेठेतून केली तर मी बरोबर येईन. तेथे अजून दोन-चार घरे अशी आहेत की ज्यांच्या भिंतीवर पलटणीचा फोटो आहे.